परसातल्या तळ्याला पंप आणि स्किमर कोणता घ्यावा? मृगाआधी काम संपवायचंय

परसातली
परसात तळं बांधून झालं. १२ फूट बाय ८ फूट. चिऱ्याचं बांधकाम, आतून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग. एका टोकाला दगडांवरून छोटा धबधबा सोडायचाय. वर आंबा आणि दोन माड आहेत, म्हणजे पाण्यावरची पानं ओढून घेणारा स्किमर हवाच. दुकानदार म्हणतो अर्ध्या एचपीचा ओपनवेल (विहिरीत बुडवायचा) पंप टाका. ऑनलाइन पाहिलं तर ४० वॉटपासून सगळं दिसतं. किती लिटरचा पंप घेऊ आणि कोणता स्किमर? लवकर सांगा, पाइप टाकणारा माणूस या आठवड्यातच मोकळा आहे.

चिरेबंदी
खोली किती? मासे सोडणार का, आणि कोणते? धबधब्याचा ओठ, म्हणजे पाणी जिथून खाली पडतं ती कड, किती रुंद, पाण्यापासून किती उंच? पंपापासून तिथवर पाइप किती लांब जाईल? एवढं कळल्याशिवाय लिटरचा आकडा देता येत नाही.

कुळागर
ओपनवेलच घ्या. बिघडला तर गावात कोणीही रिवाइंड करून देतो. तळ्याच्या प्लास्टिकच्या पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं पातं) गेला की सुटा भाग मिळत नाही, आख्खा पंप टाकावा लागतो.

वायरमन_फोंडा
कुळागर, रिवाइंडिंगचं पटतं. पण हा पंप दिवसरात्र चालायचा आहे. अर्ध्या एचपीचा ओपनवेल ५५० वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे दिवसाला १३ युनिट, महिन्याला ४०० च्या घरात. तळ्याचा ८० वॉटचा पंप दिवसाला २ युनिटसुद्धा घेत नाही. ओपनवेल पाणी उंच टाकीवर चढवण्यासाठी असतो. चार फुटांवर टाकायला त्याची ताकद वाया जाते, आणि व्हॉल्व्ह दाबून प्रवाह कमी केला तरी बिल त्या प्रमाणात उतरत नाही.

परसातली
खोली एका टोकाला ३ फूट, दुसऱ्या टोकाला २. पाच कोई (मोठे रंगीत कार्प) आणि थोडे गोल्डफिश. ओठ १ फूट रुंद, पाण्यापासून ४ फूट उंच. पाइप साधारण २० फूट. १ इंचाची गुंडाळी घरात पडून आहे, तीच वापरणार.

चिरेबंदी
आता हिशोब होतो. सरासरी खोली २.५ फूट. १२ × ८ × २.५ = २४० घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे ६,८०० लिटर. कोई खूप घाण करतात, तेव्हा सगळं पाणी दीड तासात एकदा फिल्टरमधून जावं: तासाला ४,५०० लिटर. धबधब्याचं गणित वेगळं. भरीव पडदा दिसायला ओठाच्या दर सेंटीमीटरला तासाला १५० लिटर लागतात. तुमचा ओठ ३० सेंटीमीटर, म्हणजे तिथेही ४,५००. दोन्ही आकडे जुळले, काम सोपं झालं. थोडी सूट धरून ५,००० धरा.

खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. वरच्या ओळीत "कमाल हेड" दिलेला असतो, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त जितकं चढवतो ती उंची; त्या उंचीला प्रवाह शून्य. तुम्हाला यामधला बिंदू हवा, तो आलेखात बघा. तुमची उंची १.२ मीटर. ती तळाच्या फरशीपासून मोजायची नाही, पाण्याच्या पृष्ठभागापासून ओठापर्यंत. पंप खाली बुडालेला असला तरी त्याच्यावरचं पाणी त्याला ढकलून देतं.

यात पाइपचं घर्षण मिळवा. १ इंचाच्या पाइपातून तासाला ५,००० लिटर ढकलले तर २० फुटांत दोन मीटरच्या आसपास हेड नुसतं घर्षणात जातं, धबधब्याच्या उंचीपेक्षाही जास्त! दीड इंचात तेच पाव मीटरच्या आसपास. म्हणून ती गुंडाळी बागेला पाणी घालायला ठेवा. दीड इंची पाइप, काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे लांब बेंड, आतून खाचा असलेली लवचीक नळी कमीत कमी. असं केलंत तर एकूण हेड २ मीटरच्या आत बसेल. २ मीटरला ५,००० देणारा पंप शोधा. खोक्यावर बहुधा ८,०००च्या आसपास छापलेलं असेल आणि कमाल हेड निदान ४ मीटर. कण गिळणारा, म्हणजे घाण पाण्याला चालणारा हवा. कारंज्याचा स्पंजवाला पंप इथे रोज तुंबेल.

मासोळी
ताई, डासांचा विचार केलाय का? अंगणात पाणी साठलं की डेंग्यूची भीती. गप्पी सोडतात सगळे, पण पावसात तळं ओसंडलं की ते ओहोळात जातात. आपल्याकडच्या झऱ्यांत डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा मासा असतो, अ‍ॅप्लोकायलस. पृष्ठभागावरच्या अळ्या तोच खातो, बाहेर गेला तरी परका नाही.

परसातली
मासोळी, धन्यवाद, पण स्किमरचं कुणी बोलेना.

कुळागर
भिंतीतलाच स्किमर बसवा. तोंडाला झडप असते, पृष्ठभागाचा पातळ थर आत ओढला जातो, पानं टोपलीत आणि पंप त्याच पेटीत. पाण्यात काहीच दिसत नाही. एक चिरा काढायचा, पेटी बसवायची.

चिरेबंदी
वॉटरप्रूफिंग झालेलं तळं फोडायला सांगू नका. पेटीभोवतीचा सांधा प्लास्टिक आणि सिमेंटचा. दोन्ही उन्हात वेगवेगळे फुगतात, आणि गळती तिथूनच सुरू होते. भिंतीतला स्किमर बांधकाम चालू असतानाच बसवायचा.

पंप त्याच पेटीत ठेवण्यातही धोका आहे. आंब्याच्या पानांनी टोपली भरली की पेटीतलं पाणी उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि शाफ्टचं सील जातं. पावसाळ्यात आणखी एक अडचण: झडप साधारण चार इंचांच्या चढउतारापुरतीच चालते, पाणी त्याच्या वर गेलं की पृष्ठभाग ओढलाच जात नाही.

या तळ्याला तळावर उभा राहणारा, वर तरंगतं तोंड असलेला स्किमर घ्या. पातळी वर-खाली झाली की तोंडही होतं. पंपाला दोन तोंडं असतील तर एक स्किमरला, दुसरं तळाच्या पाण्याला. नसतील तर टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. निम्म्याहून थोडं जास्त स्किमरकडे सोडा. सगळं त्याच्याकडे दिलं तर कोईची विष्ठा तळाशी साचत राहील.

कुळागर
तरंगत्या तोंडाच्या बिजागरीत शेवाळ अडकतं आणि तोंड एका बाजूला कलतं, हेही सांगा की.

चिरेबंदी
खरं आहे. आठवड्याला एकदा बिजागरी ब्रशने घासायची. माडाची गळलेली फुलंही त्रास देतात. ती टोपलीच्या जाळीतून आरपार जाऊन इंपेलरमध्ये बसतात. टोपलीत आतून मच्छरदाणीचं कापड घाला. ते लवकर भरतं, तेव्हा फुलं गळताना सकाळ-संध्याकाळ झटकावं लागेल.

वायरमन_फोंडा
विजेचं कुणी विचारलं नाही, पण सांगतो. या पंपाला वेगळी लाइन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्या. तारेचा जोड पाण्यात किंवा जमिनीत नको, पडवीत उंचावर बंद पेटीत. पंप वायरला धरून उचलू नका, दोरी बांधून ठेवा. हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज वाचवायची तर रात्री टायमरने बंद ठेवता येईल.

मासोळी
कृपा करून रात्री बंद करू नका! वनस्पती आणि शेवाळ रात्री प्राणवायू घेतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. कोई तेव्हाच वर येऊन तोंड उघडझाप करतात. फिल्टरमधले जिवाणूही साचलेल्या पाण्यात काही तासांत मरू लागतात, आणि सकाळी पंप सुरू झाला की ती सडकी घाण तळ्यात येते. उलट वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

वायरमन_फोंडा
मान्य. कोई असतील तर टायमर नको.

सांतेर
जूनमध्ये बेडूक अंडी घालतील, तेव्हा काय? स्किमर पिल्लं ओढून घेईल. आणि कुणी मोठे बेडूक पकडायला आलं तर हाकलून द्या, वन्यजीव कायद्याने त्यांना पकडायला बंदी आहे.

मासोळी
उथळ टोकाला दगडांची रांग लावून त्यामागे पाणवनस्पती ठेवा, अंडी तिथे घालतात. स्किमरच्या तोंडाला मात्र बारीक जाळी लावू नका, पानंच अडतील.

पावसाचं अजून एक. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मुळात मऊ, त्यात पावसाचं पडलं की पीएच झपकन उतरतो. तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) धुतलेली शिंपलं जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा, हळूहळू विरघळून पीएच सावरतात. तळ्याचा काठ परसापेक्षा चार-सहा इंच उंच हवा, नाहीतर तांबडी माती वाहून येईल. ओसंडायला ४ इंची पाइप, तोंडाला जाळी.

परसातली
सगळं लिहून घेतलं. दीड इंची पाइप उद्या आणते. धबधबा पूर्वेच्या टोकाला आहे. मग स्किमर समोर, पश्चिमेला ना?

चिरेबंदी
हे आधी सांगायला हवं होतं. पावसाळी वारा पश्चिमेकडून, उन्हाळ्यात दुपारचा समुद्रावरचा वाराही तिकडूनच. म्हणजे वारा पानं पूर्वेला ढकलणार आणि धबधब्याचा प्रवाह पश्चिमेला. कचरा मधेच किंवा धबधब्याशेजारच्या कोपऱ्यांत घुटमळेल. पाइप पक्का करायच्या आधी पंप नुसता चालू करा, वाऱ्याच्या दुपारी पाण्यावर मूठभर भाताचं तूस टाका आणि ते कुठे गोळा होतं ते बघा. स्किमर तिथे उभा करा. त्याची नळी दोन-तीन फूट जास्त ठेवा, म्हणजे ऋतू बदलला की सरकवता येईल.

आणि पंप फरशीवर नको, आठ इंच उंच चिऱ्यावर ठेवा. धबधब्याचा पाइप रात्री कुठे निसटला तर तेवढं पाणी तरी माशांना उरेल. स्किमर मात्र त्याच्या स्वतःच्या तळव्यावरच.