शाळेची देणगी द्यावीच लागते का?

प्रेषक: नवीन सभासद, सनीवेल

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये पुण्याहून इथे कॅलिफोर्नियात आलो. लेक दुसरीत आहे. शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच दप्तरातून दोन कागद आले. एक पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, सभासदत्वाचा, वर्गणी १५ डॉलर. ती भरली. दुसऱ्यावर 'प्रत्येक मुलामागे सुचवलेली रक्कम' म्हणून ६०० डॉलर, आणि खाली कुठल्या इयत्तेचे किती जमले ते दाखवणारं थर्मामीटरचं चित्र. सरकारी शाळा फुकट असते असं ऐकून आलो होतो. नाही भरले तर मुलीला सहलीला नेणार नाहीत का? कोणी दिले, कोणी नाही, हे बाईंना कळतं का? पुण्यात पालक-शिक्षक संघ म्हणजे फीवाढीवर भांडायची जागा. इथे संघच पैसे मागतोय, म्हणून गोंधळ उडालाय.

आणखी एक. धाकटा पुढच्या वर्षी केजीत जाईल. त्याच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली आहे. 'मराठी लिहू नका, परीक्षेला बसवतात,' असं शेजारी म्हणाले. खरं का?

---

प्रेषक: फ्रीमाँट, माजी खजिनदार

स्वागत! मुलीच्या शाळेत पीटीएचा हिशेब सांभाळायचो, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

सक्ती अजिबात नाही. शिक्षणाचा भाग असलेल्या गोष्टींसाठी सरकारी शाळेला फी घेता येत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितलंय. तरीही शाळा या ना त्या नावाने पैसे मागत राहिल्या, म्हणून २०१२ साली वेगळा कायदा झाला आणि पालकांना तक्रारीचा मार्ग मिळाला. पैसे नाहीत म्हणून मुलाला सहलीतून वगळणं तर कायद्यातच बसत नाही. देणाऱ्यांची यादी बाईंकडे जायचं काहीच कारण नाही. जात असेल तर सभेत सरळ विचारा.

दोन कागद बहुधा दोन वेगळ्या संस्थांचे असतील, नीट बघा. पीटीए ही राष्ट्रीय संघटनेची शाखा. तुमच्या वर्गणीतला काही भाग राज्याला आणि राष्ट्रीय संघटनेला जातो. १८९७ साली वॉशिंग्टनला ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी आयांची परिषद भरवली, तिथून हे सुरू झालं. (तेव्हा बहुतेक राज्यांत बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता.) मोठी देणगी मागते ती बऱ्याचदा फाउंडेशन, म्हणजे शाळांसाठी पैसे जमवणारी संस्था, तिचा कारभार वेगळा.

आता पैसे लागतात का? लागतात. १९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३ हा कायदा मंजूर केला आणि घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर बांधली गेली. घर विकेपर्यंत करासाठी धरलेली ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही. शाळांच्या उत्पन्नाचा मोठा आधार तोच होता. तेव्हापासून चित्रकला, संगीत, ग्रंथालय अशा गोष्टींवर आधी कात्री चालते. आमच्या पीटीएच्या हिशेबात काय असायचं? सहलीची बस, ग्रंथालयाची पुस्तकं आणि प्रत्येक बाईंना वर्गाच्या सामानासाठी थोडी रक्कम. गोंदाच्या कांड्या आणि टिश्यूचे खोके बाई पदरच्या पैशांनी आणतात, हे बिलं हातात आली तेव्हा कळलं.

द्यायचेच असतील तर आधी ऑफिसच्या पोर्टलवर बघा. बऱ्याच कंपन्या तुमच्याइतकीच भर घालतात, काही तर शाळेत काम केलेल्या तासांचेही पैसे देतात. आपली माणसं हे हमखास सोडून देतात.

आणि सभेला जा. वर्षाचं बजेट सभासदांनी हात वर करून मंजूर करायचं असतं. त्या दिवशी कोरमपुरती डोकी जमवताना आमची दमछाक व्हायची. जे चारजण येतात तेच ठरवतात.

---

प्रेषक: कुपर्टिनो

काका, सगळं मान्य. पण घरपट्टी भरा, वर पार्सल टॅक्स (मालमत्तेमागे वेगळा कर) भरा, वर देणगी, आणि वर संध्याकाळी सभा? इथे घर घेतलं तेच शाळेसाठी. मी चेक देऊन मोकळा होतो. तसंही आपली आठवण दिवाळीच्या समोशांपुरतीच येते.

---

प्रेषक: पूर्व सॅन होजे

दादा, समोशांपुरती आठवण येते, कारण आपण समोशांपुरतेच जातो.

माझी मुलं ज्या शाळेत आहेत तिथे थर्मामीटर लावायची सोयच नाही. बहुतेक आईबाप दोन-दोन नोकऱ्या करतात, देणगी मागणार कोणाकडे? आमची पीटीए थंडीत जॅकेटं गोळा करते, फॉर्म भरायला मदत करते, सभेच्या वेळी मुलं सांभाळायला कोणीतरी बसवते. सभा संध्याकाळी सहाला ठेवली की कोणी येत नाही. सकाळी मुलांना सोडायच्या वेळी फाटकापाशी टेबल मांडलं की दहा आया थांबतात, तिथेच कामं ठरतात.

२०१३ पासून राज्य गरीब घरच्या, इंग्रजी शिकणाऱ्या आणि आईबापांऐवजी दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर) वाढणाऱ्या मुलांमागे जास्त पैसे देतं, हे खरं. पण पलीकडच्या गावात एकेक शाळा देणग्यांवर जे उभं करते, त्याची बरोबरी त्याने होत नाही. पालो अल्टोमध्ये निदान सगळ्या शाळांची देणगी एकत्र करून मुलांच्या संख्येप्रमाणे वाटतात. मला ती पद्धत पटते. पण गावाच्या वेशीबाहेर तीही जात नाही.

सनीवेलकर, फॉर्मवर मराठीच लिहा. खोटं कशाला? केजीत गेल्यावर ३० दिवसांच्या आत एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी घेतात. मूल त्यात चांगलं निघालं तर विषय संपला. नाही निघालं तर इंग्रजीसाठी जास्तीची मदत मिळते, त्यात कमीपणा कसला? शाळेत अशी २१ मुलं झाली की त्यांच्या पालकांची समिती नेमावीच लागते. तिचं नाव ईलॅक. मी तिथे बसते, आणि मुख्याध्यापिका आमचं म्हणणं लिहून घेतात.

वर्गात मदतीला जायचं असेल तर टीबीची प्रश्नावली आधी भरून टाका. भारतात जन्म म्हटलं की पुढे तपासणी सांगतातच. तेव्हा हातावर टोचायची नको, रक्ताची मागा. लहानपणच्या बीसीजीमुळे हात सुजतो, मग छातीचा एक्स-रे आणि पुढची सगळी पळापळ.

---

प्रेषक: साताऱ्याची आजी, सध्या मुक्काम मिलपिटास

लेकाच्या मेलवरून लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शिक्षण हक्क कायद्याने आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. कागदावर सगळं असायचं. काही गावांत बायका सही करून चुलीकडे परत जायच्या, काही गावांत त्याच बायकांनी शौचालयाला पाणी आणून दाखवलं. फरक कशाने पडायचा सांगू? सभेची वेळ कोण ठरवतो त्याने. सॅन होजेच्या मुलीने फाटकापाशी टेबल मांडलं, ते मला आवडलं. आता तुम्ही सगळ्यांनी सांगा, तुमच्या सभेला बाबालोक किती येतात?

---

प्रेषक: कुपर्टिनो

आजी, हा बाण मला होता, लागला. आमची सभा कधी असते ते बायकोला विचारून कळवतो.

---

प्रेषक: नवीन सभासद, सनीवेल

सगळ्यांचे आभार. कागद परत वाचले. काका म्हणाले तसंच निघालं, ६०० वाला फाउंडेशनचाच. पोर्टल बघून जमेल तेवढं देऊ. सभा गुरुवारी आहे, मी आणि बायको आलटून पालटून जाणार. एकाने मुलांजवळ थांबायला हवंच. रक्ततपासणीची वेळही घेतली.

त्या कागदाच्या मागे 'विविध संस्कृतींची संध्याकाळ' अशी नोंद आहे, टेबल मांडायला पालक हवेत. लेझीम दाखवायचा विचार आहे. मंडळाच्या लेझमी मिळतील का? आणि खायला गुळाची चिक्की ठेवावी म्हणतोय.

---

प्रेषक: फ्रीमाँट, माजी खजिनदार

लेझमी माझ्या गराजमध्येच आहेत, शनिवारी घेऊन जा. शेंगदाणा मात्र चालणार नाही, ॲलर्जीमुळे तिथल्या तिथे परत पाठवतात. राजगिऱ्याची चिक्की आणा, तीही पाकीटबंद. मागे घटक छापलेले आहेत ना बघून घ्या, आणि 'शेंगदाण्याच्या कारखान्यात बनवली' असं बारीक अक्षरात लिहिलंय का तेही.