कुत्र्या-मांजराच्या घरात फरशी पुसणारा रोबो: कामाचा की नुसता ताप?

विश्रामबागची_वैनी
आठ महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांनी हौसेनं केर काढून फरशी पुसणारा रोबो आणला. सत्तावीस हजाराला. घरात एक लॅब्राडोर (शेरू, वय पाच, वजन ३४ किलो) आणि एक गावठी मांजर (मनी, वय कुणालाच माहीत नाही). आता माझं मत सांगते, पटलं नाही तर खुशाल भांडा. जनावरं असलेल्या घरात रोबो म्हणजे तिसरं जनावर. त्याला वेळेवर पाणी द्या, त्याची घाण काढा, आणि दिवाणाखाली कुठं जाऊन बसलाय ते वाकून शोधा.

आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये कडप्प्याची वीतभर रुंद काळी पट्टी आहे. रोबो तिथवर येतो, थबकतो, मागं सरकतो, परत येतो, परत थबकतो. सासूबाई म्हणतात, "सोवळं पाळतोय बिचारा." आठ महिन्यांत त्यानं स्वयंपाकघराचं तोंड बघितलेलं नाही. आणि आमच्याकडं भडंग सांडतं ते तिथंच.

पण खरा राग श्रावणातल्या एका पहाटेचा आहे. शेरूला कुणीतरी नरसोबाच्या वाडीची बासुंदी चाटवली होती (कुणी ते अजून कबूल झालेलं नाही). रात्री त्याचं पोट बिघडलं, आणि त्यानं हॉलमध्येच उरकलं. रोबोची वेळ पहाटे पाचची, आमची उठायची सहाची. मधल्या तासाभरात त्यानं ते सोफ्याखाली नेलं, देवघरासमोरून नेलं, दिवाणाच्या चारी पायांना वळसे घालून नेलं. दोन चाकांच्या दोन रेघा, आणि मधे ओल्या फडक्याचा रुंद पट्टा. सारवल्यासारखी फरशी दिसत होती. मोबाईलवर निरोप होता: "सफाई पूर्ण. ४६ चौरस मीटर." पुढं हिरवी खूण. चाकाच्या खाचेतनं ते काढायला मला दात घासायचे दोन जुने ब्रश, एक टाचणी आणि दीड तास लागला.

विकायचा विचार आहे. कुणाला समजूत घालायची असेल तर घाला.

शाहूपुरी_सातारा
वैनी, वाचून हसलो, माफ करा. पण यात चूक वेळेची आहे. जनावर असलेल्या घरात रोबो नजरेआड चालवायचाच नाही. मी सकाळी चहा घेताना सोडतो. आधी घरभर एक चक्कर मारायची, कुठं काही सांडलंय का, कुणी ओकलंय का ते बघायचं, मगच बटण दाबायचं.

आमच्याकडं दोन पर्शियन मांजरं आणि दम्याचा मुलगा. मांजराची ॲलर्जी केसांची असते असं सगळे धरून चालतात. तसं नाही. ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांची असते. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते वाळतं, आणि त्याचे बारीक कण घरभर होतात. केरसुणी मारली की तेच कण उडून नाकात. रोबो निदान ओढून डब्यात घेतो. डबा मात्र मी गच्चीवर जाऊन रिकामा करतो, नाहीतर जमवलेलं सगळं एका झटक्यात परत घरात. मुलाचा इनहेलर सुटलेला नाही, रोबोमुळं दमा गेला असलं काही मी म्हणणार नाही. पण पलंगाखाली तो राखाडी लोकरीचा गोळा असायचा, तो आता नसतो.

दुसरं म्हणजे फिनेल. आमच्याकडं आधी बादलीत दोन टोपणं फिनेल पडायचंच. बऱ्याच फिनेलांत फिनॉल असतं, ते मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. मांजर पुसलेल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. हे मला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. रोबोच्या टाकीत आम्ही साधं पाणी घालतो, फिनेल त्या यंत्रालाही चालत नाही. मांजरासाठी म्हणून एवढा फायदा मला पुष्कळ आहे.

गावभाग_सांगली
पाण्याच्या बादलीत फिनेल घालू नका हे सांगायला सत्तावीस हजाराचं यंत्र लागतं का? बादलीतही साधं पाणीच घाला की!

आमचा जुना वाडा. उंबरे चार-चार बोटं उंच. बहुतेक रोबो जेमतेम दोन सेंटीमीटर चढतात. म्हणजे खोलीगणिक एक रोबो घ्यायचा, नाहीतर पालखीतून या खोलीतून त्या खोलीत न्यायचा. फरशी शहाबादी, सांध्यांना बोट जाईल एवढ्या फटी. त्या फटीत बसलेला कुत्र्याचा केस शिंदीच्या केरसुणीच्या टोकानंच निघतो, मी लिहून देतो.

आणि लक्ष्मीपूजनाला आम्ही केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तुमच्या रोबोला वाहून बघा. सेन्सरवर कुंकू पडलं की पाडव्याला भिंतीवर आपटत फिरेल.

वर पावसाळ्यात आमची वेगळीच काळजी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या महापुरात काय काय माडीवर नेलं ते आठवतंय. आता त्या यादीत टीव्ही, मिक्सर, मोत्या, आणि हा एक?

कुपवाड_एमआयडीसी
वैनींच्या कडप्प्याचं उत्तर सोपं आहे. रोबोच्या पोटाखाली कडेला छोटे सेन्सर असतात. ते खाली अवरक्त किरण सोडतात आणि तो परत येतो का ते बघतात. आला नाही तर समोर पायरी आहे असं समजून रोबो मागं फिरतो. काळा कडप्पा किरण गिळून टाकतो. म्हणजे तुमच्या रोबोला ती पट्टी नव्हे, खोल विहीर दिसते. पट्टीवर पांढरी किंवा फिकी टेप मारून बघा. इंटरनेटवर काही शहाणे सेन्सरवरच टेप मारायला सांगतात. ते करू नका. मग खरा जिना आला तरी त्याला कळणार नाही.

आणखी एक. वास जावा म्हणून टाकीत व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडं मिळतो. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट लागलं की चकाकी मेलीच. लिंबू पिळलेल्या ओट्यावर पांढरे डाग बघितले असतील, तेच फरशीवर उठतील.

केसांबद्दल गावभागकरांना थोडं मान्य. लॅबला दुहेरी कोट असतो, खालचा मऊ लोकरीसारखा, आणि तो बारा महिने झडतो. कुंच्याचा रोलर असेल तर आठवड्याला कात्री घेऊन बसावं लागतं. रबरी पात्यांच्या रोलरला गुंता कमी. तरी रोलरच्या दोन्ही टोकांना, धुऱ्यापाशी, केस कातलेल्या सुतासारखा गुंडाळला जातोच. तो काढला नाही तर रोलर फिरताना कुरकुर करतो, पुढं मोटर तापते. पण हे एवढं करण्यापेक्षा शेरूला रोज दहा मिनिटं अंगणात विंचरा. जो केस फरशीवर पडलाच नाही तो कुणालाच उचलावा लागत नाही.

मिरज_तंबोरा
आमच्या तंबोरे बनवायच्या खोलीत रोबोही नाही आणि कुत्रंही नाही. पॉलिश ओलं असताना एक केस बसला तरी तो तंबोरा परत घासावा लागतो. मेहुण्यानं एकदा हौसेनं त्याचा रोबो आणून सोडला होता. रोबोच्या डोक्यावरचा वाट शोधणारा लेसर त्याच्या उंचीवरच बघतो, आडव्या ठेवलेल्या दांडीखाली त्याला मोकळं मैदान दिसलं. गेला आत, अडकला, आणि तंबोरा फरफटत दारापर्यंत नेला. भोपळा वाचला हे नशीब. पुढं मी काही बोललो नाही, मेहुणा आहे.

पोवईनाका
इथं कॅमेऱ्याचं कुणीच बोललं नाही. जमिनीवर पडलेली शी ओळखून वळसा घालायची सोय हवी तर रोबोला कॅमेरा लागतो. लेसरला भिंत कळते, शी कळत नाही. २०२१ साली रूम्बा नावाच्या रोबोच्या जे सेव्हन प्लस मॉडेलबरोबर कंपनीनं वचन दिलं होतं की यंत्रानं जनावराची शी टाळली नाही तर बदलून देऊ. वचनात शब्द होता "घट्ट". बासुंदी प्यालेल्या शेरूसाठी ते लागू नव्हतं!

आणि कॅमेरा घेतला की दुसरं दुखणं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीचे काही रोबो हॅक झाले, त्यांच्या स्पीकरमधून घरच्यांना शिव्या ऐकू आल्या. एके ठिकाणी तर रोबो घरातल्या कुत्र्याच्याच मागं लागला. आमच्या घरात आई दुपारी चटईवर आडवी पडते. तिच्या उशाशी कॅमेरा फिरलेला मला चालणार नाही. कुत्र्याची घाण मी हातानं काढीन.

चार_घरची_लेक
इतका वेळ वाचतेय. केरसुणीला हळदकुंकू वाहून झालं, केरसुणी धरणाऱ्या बाईचा विषय कुणीच काढला नाही. माझी आई विश्रामबाग आणि वारणालीत चार घरी झाडू-फरशी करते. काल रात्री तिला हे सगळं वाचून दाखवलं.

तिचं म्हणणं तुम्हाला वाटतं तसं नाही. ती म्हणाली, "कुत्र्याच्या घरी ते यंत्र असलेलं बरं." ओल्या फडक्याला केस चिकटले की फरशी पुसली जात नाही, केस नुसते जागा बदलतात. फडकं चार वेळा पिळा, तरी बोटांत केस. शेवटी ती ओल्या तळव्यानं केस गोळा करते, फरशीवर हात फिरवत, बसून बसून पुढं सरकत. आधी यंत्र फिरून गेलं असेल तर हे वाचतं.

पण पुढचं ऐका. त्यातल्या एका घरानं रोबो आणला आणि आईचे बाराशेचे सातशे केले. रोबो हॉलच्या मधला मोकळा भाग करतो. कोपरे, संडास-बाथरूम, जिना, गॅलरी, आणि टेबलाखाली खुर्च्या हलवून करायचं, ते सगळं आईकडंच. सोपं यंत्राला, वाकायचं आईला, आणि पैसे कमी. २००८ चा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. एका घरच्या फरशीचे किती, ते त्यात नाही. ते तुम्ही ठरवता.

शाहूपुरी_सातारा
ताई, टाळत नाही. आम्हीही पाचशे कमी केले होते. पण काम तासावरून अर्ध्या तासावर आलं होतं, आणि मावशींनी तेवढ्या वेळात शेजारचं एक घर धरलं. त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही.

चार_घरची_लेक
दादा, वेळ अर्धा झाला ते खरं. पण राहिलेल्या अर्ध्या तासात उभं राहून करायचं काय उरलं, तेवढं एकदा बघा. आईचे गुडघे घड्याळावर चालत नाहीत. दोन घरांचे अर्धे अर्धे तास म्हणजे तिला सलग एक तास वाकणं.

गावभाग_सांगली
ताईंचं बरोबर आहे. माझ्या केरसुणीच्या गप्पा मी मागं घेत नाही, पण आमच्या वाड्यात केरसुणी मारतं कोण, हे मी लिहिलं नव्हतं. मी मारत नाही.

शाहूपुरी_सातारा
उद्या मावशी आल्या की काम करताना बघतो. ते पाचशे परत देण्याबद्दल आत्ता इथं कबूल करत नाही. घरी बोलावं लागेल.

विश्रामबागची_वैनी
आमच्या मावशींचे पैसे मी कमी केले नव्हते. चांगुलपणा म्हणून नव्हे. केले असते तर त्या सोडून गेल्या असत्या, आणि शेरूच्या घरी यायला दुसरं कुणी तयार होत नाही. काल त्यांना विचारलं, रोबो विकू का? म्हणाल्या, "विका की, मला काय. पण मग कुत्र्याचे वेगळे दोनशे लागतील." म्हणजे आठ महिने त्या ते दोनशे मागत नव्हत्या, आणि मला माहीतच नव्हतं.

कुपवाडकर, कडप्प्यावर पांढरी टेप मारली. पहिल्या फेरीत दोनदा थबकला, तिसऱ्यांदा गेला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. आत जाऊन त्यानं पहिलं काम केलं ते मनीची पाण्याची वाटी उपडी करण्याचं, मग ते पाणी ओट्याखालच्या भडंगाच्या चुऱ्यात कालवून सगळीकडं फासलं. मनी फ्रिजवरून बघत होती.

पहाटे पाचची वेळ रद्द केली. आता नऊला, मी घरात असताना. शेरूला अंगणात विंचरते, केस गुलमोहराखाली पडतात, चिमण्या घरट्याला उचलून नेतात.

विकण्याचं तूर्त राहू दे. एक नवीन भानगड मात्र झालीय, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. चार्जिंगचा स्टँड भिंतीपाशी जमिनीवर असतो, आणि शेरूनं आता त्याच वेळी नेमकं त्याच्यासमोर आडवं पडायला सुरुवात केलीय. रोबो काम आटपून येतो, शेरूच्या पोटाला हळूच टेकतो, मागं होतो, परत टेकतो. शेरू डोळासुद्धा उघडत नाही. शेवटी बॅटरी संपून तो तिथंच, त्याच्या पोटाशी, बंद पडतो. स्टँड उंचावर ठेवता येत नाही. शेरूला उठवायला जीव होत नाही.