भुरीची पिल्लं आणि 31 डिसेंबरचं बुकिंग

नागाव, बंगल्यांच्या सोसायटीचा ग्रुप

सोमवार, 8 डिसेंबर 2025

साठे (बंगला 7), सकाळी 6:51
सर्व सभासदांना नमस्कार. काल दुपारी पंपहाऊसजवळ एका पाहुण्या मुलीला कुत्रं चावलं. मी पावसाळ्यापासून या ग्रुपवर लिहितोय, कोणी दखल घेत नाही. मुद्दा क्र. 1 : सोसायटीतली सर्व भटकी कुत्री आजच्या आज उचलून बाहेर सोडावीत. कमिटीने लेखी उत्तर द्यावे.

शुभांगीकाकू (9), 6:58
🌺 शुभ सकाळ 🌺 ज्याच्या मनी समाधान, त्याच्या घरी देव 🙏

प्रशांत म्हात्रे (12, होमस्टे), 7:10
काका, मुलगी माझ्याकडच्या पाहुण्यांची. सहा वर्षांची आहे. भुरीचं पिल्लू उचलायला गेली, भुरीने पोटरी धरली. रात्रीच अलिबागला नेऊन पहिलं इंजेक्शन दिलं. पाहुणे सकाळच्या बोटीने निघाले. बापाने निघताना एकच विचारलं, तुमच्याकडे असं नेहमी होतं का? मी काय सांगू?

निखिल (18), 7:22
अरे बापरे. भुरी तर गरीब आहे एकदम. आमच्या हातून खाते.

साठे (7), 7:23
तुमच्या हातून शनिवार-रविवार खाते. सोमवार ते शुक्रवार आमच्या पायांना खाते.

रोहन (15), 7:25
काका फॉर्मात 😄

मेघाताई राऊत (3), 7:40
प्रशांत, जखम धुतली का? की हळद लावून पट्टी बांधली?

प्रशांत म्हात्रे (12), 7:43
ताई, आजीने हळद लावली होती. दवाखान्यात गेल्यावर धुतली.

मेघाताई राऊत (3), 7:55
माझी सगळी नोकरी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. कुत्रं चावलं की आधी नळ सोडायचा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, घट्ट पट्टी नाही. मग दवाखाना. दंडावरची इंजेक्शनं असतील तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कालचा दिवस शून्य. म्हणजे बुधवारी दुसरं. रक्त आलेलं असेल तर जखमेच्या आजूबाजूला सीरमही लागतं, ते दिलं का विचार. आई-बापाला फोन करून सांग की डोस अर्धवट सोडायचे नाहीत. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. मी असा माणूस पाहिला आहे, पाण्याचा पेला समोर आणला की घसा आवळायचा त्याचा. पुन्हा कोणावर ती वेळ येऊ नये.

प्रशांत म्हात्रे (12), 7:58
करतो फोन ताई लगेच.

साठे (7), 8:02
म्हणूनच म्हणतो. मुद्दा क्र. 1. आजच टेम्पो बोलवा, रेवदंड्याच्या पुढे नेऊन सोडा. भाडं मी देतो.

मेघाताई राऊत (3), 8:06
साठेकाका, भुरीला आत्ता हलवायचंच नाही. चावलेलं कुत्रं 10 दिवस डोळ्यांसमोर हवं. 17 तारखेपर्यंत ती खाते-पिते, ठीक राहते, तर चावली तेव्हा तिच्या लाळेत विषाणू नव्हता हे कळतं. तुम्ही तिला टेम्पोत घालून नेलीत तर त्या पोरीच्या आईला कळवणार काय?

देशपांडे (सेक्रेटरी), 8:30
सन्माननीय सभासदहो, घडलेला प्रकार खेदजनक आहे. कमिटी दखल घेत आहे. कृपया शब्द जपून वापरावेत ही नम्र विनंती 🙏

लीना (5), 9:15
दखल म्हणजे काय ते लिहा ना. पावसाळ्याआधीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय निघाला होता. तेव्हा "सीझन संपू दे" म्हणून पुढे ढकलला. मग पाऊस लागला, मग भाद्रपद आला, आणि आता पंपहाऊसमागे पाच पिल्लं.

रोहन (15), 9:18
भाद्रपदाचा दोष कमिटीवर टाकू नका 😂

निखिल (18), 9:20
😂😂 कुत्र्यांना मेंटेनन्स लावा. बंगला 14 पेक्षा वेळेवर भरतील.

ठाकूर (14), 9:31
निखिल, माझा मेंटेनन्स आणि माझं छत गळणं हे दोन विषय जोडलेले आहेत. कमिटीला विचारा. कुत्र्यांच्या विषयात मला ओढायचं कारण नाही.

देशपांडे (सेक्रेटरी), 9:40
कृपया मूळ विषयावर या.

साठे (7), 9:41
मूळ विषय : मुद्दा क्र. 1.

ठाकूर (14), 11:05
आणि सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री उचलायला सांगितलीत. व्हिडिओ टाकलाय बघा.

लीना (5), 11:20
दादा, तो व्हिडिओ अर्धवट आहे. 7 नोव्हेंबरचा आदेश शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडासंकुल, एसटी स्टँड-डेपो आणि रेल्वे स्टेशनबद्दल आहे. तिथली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडायची नाहीत. बाकीच्या ठिकाणी 22 ऑगस्टचा : ऑपरेशन करा, लस द्या, जंतनाशक द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. आणि रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, ठरवून दिलेल्या जागीच. निखिल, हे शेवटचं तुझ्यासाठी.

साठे (7), 11:26
22 ऑगस्टचा आदेश मीही वाचला आहे. रेबीज असलेली, संशयित आणि आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत, असंही त्यात आहे. भुरी आक्रमक आहे. मुलीची पोटरी साक्ष आहे.

लीना (5), 11:34
पिल्लाला हात लावल्यावर चावलेली आई आणि येता-जाता अंगावर धावणारं कुत्रं यात फरक आहे काका. ते ठरवायला पशुवैद्य आहेत, तुम्ही-आम्ही नाही.

साठे (7), 11:40
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. मी पहाटे किनाऱ्यावर जात होतो. आता गेटपर्यंत जातो आणि परत येतो, कारण तिथे चार जणांची टोळी बसलेली असते. वाळूत एटीव्ही गाड्या पळवणाऱ्यांच्या मागे धावतात, घोड्यांच्या मागे धावतात, काठी घेतलेल्या म्हाताऱ्याच्या मागेही धावतात. कुत्र्यांसाठी नियमांची पुस्तकं निघतात. म्हाताऱ्याने कुठे चालायचं, ते कुठल्या पुस्तकात आहे?

मेघाताई राऊत (3), 11:52
काका, हे तुमचं अगदी खरं आहे. तुम्ही चालायलाच हवं. उद्यापासून पहाटे मी येते तुमच्याबरोबर.

पण ती टोळी तिथे का बसते, हे सगळ्यांनी एकदा बघावं. रविवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापाशी उभी होते. कोंबडीची हाडं, कोलंबीची टरफलं, अर्ध्या बिर्याणीच्या पिशव्या, आणि डब्याला झाकण नाही. घंटागाडी मंगळवारी येते. म्हणजे दोन रात्री ताट वाढलेलं. त्या वासावर अक्षीपासून कुत्री येतात. बुधवारपासून काहीच नाही, मग भुकेली कुत्री एकमेकांवर आणि माणसांवर. शुक्रवारी गाड्या आल्या की पुन्हा मेजवानी. ज्या किनाऱ्यावर पर्यटक येतात तिथे सगळीकडे हेच चालतं. गोव्यात जूनला शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची खाण्याची झोपडीवजा हॉटेलं, बंद होतात तेव्हा सीझनभर पोसलेली कुत्री अशीच उघड्यावर पडतात, म्हापशाची माझी बहीण दर पावसाळ्यात सांगते.

तुम्ही ही चार नेऊन सोडाल. डबा तसाच राहिला तर त्यांच्या जागी दुसरी येतील. ती लस न घेतलेली असतील, ऑपरेशन न झालेली असतील, आणि आपल्या कोणाच्या ओळखीची नसतील. आणि रेवदंड्याला काय म्हातारी माणसं राहत नाहीत?

प्रशांत म्हात्रे (12), 12:03
बरोबर ताई. आणि त्यांच्याकडली आपल्याकडे आणून सोडतातच की. मे महिन्यात तो लंगड्या कुठून आला? आपल्यात नव्हता तो.

निखिल (18), 12:30
म्हणजे सगळं आम्ही वीकेंडवाले करतो? आम्ही मायेने खायला घालतो. उपाशी ठेवायचं का मुक्या जीवाला?

मेघाताई राऊत (3), 12:41
निखिल, तुझी माया खरी आहे, मी पाहिली आहे. पण गेटच्या तोंडाशी, पोरं सायकल चालवतात तिथे ताटली ठेवलीस की कुत्री ती जागा आपली समजून राखतात. रविवारी रात्री तू मुंबईची रो-रो बोट पकडतोस, ती तिथेच थांबतात. खायला घाल, पण मागच्या कंपाऊंडला, नारळाच्या वाडीकडे, ठरलेल्या वेळी, आणि ताटली उचलून ने. आठवड्यातले बाकीचे दिवस मी आणि प्रशांतची आई बघू. तू तांदळाचे पैसे दे.

लीना (5), 12:50
2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही हेच आहे. खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून लांब. म्हणजे हे काम कमिटीचं आहे.

देशपांडे (सेक्रेटरी), 1:15
कमिटीत पाच जण आहेत, त्यातले तिघे मुंबईत. नोंद घ्यावी.

शुभांगीकाकू (9), 1:20
माझ्या वाळवणावरून काल कोणी गाडी नेली? कुरडया होत्या.

रोहन (15), 1:22
काकू, एटीव्ही होती. कुत्री निर्दोष 🐕

मंगळवार, 9 डिसेंबर

साठे (7), सकाळी 7:30
कालपासून कमिटीचे लेखी उत्तर नाही. मुद्दा क्र. 1 पुन्हा टाकत आहे. (मेघाताईंबरोबर आज किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. आभार.)

प्रशांत म्हात्रे (12), 9:10
ग्रामपंचायतीत जाऊन आलो. आपल्याकडे नगरपालिकेसारखी डॉगव्हॅन नाही, त्यासाठी पैसाही नाही म्हणतात. अर्ज द्या, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवतो, लस मिळू शकेल. ऑपरेशनसाठी संस्था आपण बघायची.

ठाकूर (14), 9:25
म्हणजे कर भरायचा आपण, ऑपरेशनही आपण करायचं.

लीना (5), 9:28
दादा, कर? 🙂

ठाकूर (14), 9:29
लीना, हे वैयक्तिक होतंय.

मेघाताई राऊत (3), 10:05
ठाकूर, तुमचं छत खरंच गळतं, मी पावसात पाहिलं आहे. त्याचा निकाल कमिटीने लावावा, मी मीटिंगला तुमच्या बाजूने बोलेन. पण आज हे होऊ द्या.

एका संस्थेशी बोलले. शनिवारी जाळं आणि पिंजरे घेऊन येतात. काळू, टायगर, लंगड्या आणि ती तांबडी कुत्री, या चौघांना नेतील, ऑपरेशन करतील, रेबीजची लस देतील, जखम भरेपर्यंत ठेवतील आणि इथेच आणून सोडतील. कानाचा तुकडा कापलेला दिसला की समजायचं, झालेलं आहे. भुरी अंगावर पाजते आहे आणि तिचे 10 दिवसही संपलेले नसतील. तिला आत्ता नेता येत नाही. पिल्लं सुटली की फेब्रुवारीत. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांचं ऑपरेशन करत नाहीत. बारा आठवड्यांची झाली की त्यांना लस देऊ. त्यातली दोन चांगल्या घरी गेली तर फार बरं.

रोहन (15), 10:20
ताई, एक मी घेतो. खरंच. आईला विचारलंय.

साठे (7), 10:24
परत इथेच सोडणार असतील तर फायदा काय?

मेघाताई राऊत (3), 10:36
फायदा असा की पुढच्या भाद्रपदात कुत्रीच्या मागे आठ-दहा नर लागून मारामाऱ्या होणार नाहीत, मार्गशीर्षात पिल्लं राखणारी आई वाटेत बसणार नाही, आणि चावलं तरी लस घेतलेलं कुत्रं चावेल. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची माणसं सरकारबरोबर गल्लोगल्ली, किनाऱ्या-किनाऱ्याने जाळी घेऊन फिरली. कुत्रं धरायचं, लस द्यायची, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाइलवर नोंद करायची आणि तिथल्या तिथे सोडायचं. 10 पैकी 7 कुत्र्यांना लस मिळाली की रोग पुढे सरकत नाही. 2021 मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं. पर्यटक आपल्यापेक्षा तिथे किती जास्त, सांगा. त्यांनी कुत्री हाकलली नाहीत.

प्रशांत म्हात्रे (12), 10:50
आमच्या दापोलीच्या पाहुण्यांकडे तर कासवांची अंडी उकरतात कुत्री. वेळासला, आंजर्ल्याला गावातलीच पोरं रात्री किनारा फिरतात, अंडी उचलून कुंपणात ठेवतात. कुत्रीही आहेत, कासवंही आहेत. कोणीतरी रात्रीचं जागतं म्हणून होतं ते.

देशपांडे (सेक्रेटरी), 11:30
कमिटीचे लेखी उत्तर : (अ) शनिवारच्या कार्यक्रमास मान्यता. (ब) प्रत्येक बंगल्याने 500 रुपये द्यावेत. (क) डब्याला झाकण आणि जाळी करून घेणे. (ड) मुद्दा क्र. 1 कायद्याने शक्य नसल्याने फेटाळण्यात येत आहे.

साठे (7), 11:33
फेटाळला हे इतिवृत्तात लिहा. माझा विरोधही लिहा.

बुधवार, 10 डिसेंबर

प्रशांत म्हात्रे (12), दुपारी 4:12
मुलीच्या आईचा फोन आला होता. दुसरं इंजेक्शन झालं, सीरमही मिळालं होतं. मुलगी विचारते पिल्लू कसं आहे. भुरीचा फोटो पाठवला. खाते आहे, पाणी पिते आहे. आजचा तिसरा दिवस.

मेघाताई राऊत (3), 4:20
रोज एक फोटो पाठव त्यांना 17 तारखेपर्यंत. आणि 31 डिसेंबरच्या सगळ्या बुकिंगवाल्यांना आधीच मेसेज टाक : पिल्लांना हात लावायचा नाही, फटाके पंपहाऊसकडे लावायचे नाहीत, उरलेलं अन्न डब्यात टाकून झाकण लावायचं, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. मराठी, हिंदी दोन्हीत.

निखिल (18), 4:45
मी 2,000 पाठवले. तांदळाचेही त्यात धरा. या वेळी मागच्या कंपाऊंडलाच घालेन.

देशपांडे (सेक्रेटरी), 6:00
आतापर्यंत 13 बंगल्यांचे आले. बाकीच्यांनी उद्यापर्यंत पाठवावेत. 14, आपले आले, धन्यवाद.

ठाकूर (14), 6:04
छताचं पत्र उद्या देतो.

मेघाताई राऊत (3), 6:30
शनिवारी सकाळी 7 ला गाडी येईल. शुक्रवारी रात्री कोणीही काहीही खायला घालू नका, भूल द्यायची असते. काळू फक्त प्रशांतच्या हाकेला येतो, तेव्हा प्रशांत, तू थांब. मुलांना घरात ठेवा. आणि तांबडी कुत्री रात्री कोणाच्या पडवीत झोपते? ज्यांच्याकडे असेल त्यांनी मला आजच कळवा.