गाडी अडकत अडकत जाते, ट्रॅक साफ ठेवायला तुम्ही काय वापरता?

रंकाळा_शंटर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वरच्या पत्र्याच्या खोलीत ८ बाय ४ च्या प्लायवर एचओ लेआउट (खेळण्यातल्या आकाराच्या मॉडेल रेल्वेचा मांडलेला ट्रॅक) आहे, साधा डीसी, १२ व्होल्टचा कंट्रोलर, निकेल सिल्व्हरचे रूळ. पावसाळाभर खोली बंद होती, गणपती झाल्यावर चालू केलं तर मोठं डिझेल इंजिन कसंबसं फिरतंय पण चार चाकांचं छोटं शंटर (डबे हलवायचं इंजिन) पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावर, गेलं की बंद पडतंय, बोटानं ढकललं की परत चालू. पांढरा कपडा रुळावरून फिरवला तर काळीकुट्ट रेघ उठते. एक जण म्हणाला झिरो नंबरचा पॉलिश पेपर मार, एक म्हणाला रॉकेल, एक म्हणाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). पेपर मारायला मन होईना म्हणून आधी इथं विचारतोय. आणि साफ केल्यावर परत लगेच काळं होऊ नये म्हणून काय करता?

उद्यमनगर_लेथवाला
भावा पॉलिश पेपरला हात लावू नको. माझा रोजचा धंदाच फिनिशिंगचा हाय म्हणून सांगतोय. पेपर मारला की रूळ चकचकीत दिसतोय पण भिंग लावून बघ, नुसते चरे चरे दिसतील. चाक त्या चऱ्यांच्या कडांवर टेकतंय, मधल्या फटीत बारीक ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्यांनीच काळं धरतंय, आणि ते चऱ्यात जाऊन बसलं की कपड्यानं निघत पण नाही, मग परत पेपर, परत चरे. निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्या गुजरीत, हुपरीत जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच, तांबं निकेल जस्त, चांदी औषधाला पण नाही. पितळेच्या रुळासारखं त्याला सारखं घासत बसावं लागत नाही, नुसतं पुसायचं. चरे आधीच पडलेले असतील तर स्टेनलेसचा गुळगुळीत वॉशर घेऊन रुळाच्या माथ्यावर दाबून घोटायचा, चरे दबतात.

अजून एक, वर्कशॉपमधलं कॉटन वेस्ट अजिबात वापरू नको, त्याचे धागे सुटून अ‍ॅक्सलला गुंडाळतात आणि गिअरमध्ये जातात, बाहेर काढताना जीव जातोय. चष्मा पुसायचं कापड बेस्ट. आणि शिरोली, गोकुळ शिरगावकडं कामाला जाणाऱ्यांनी तर कपडे बदलल्याशिवाय लेआउटजवळ जाऊच नये, फौंड्रीची लोखंडी धूळ थेट मोटरच्या मॅग्नेटला चिकटती.

लॅबवाली_ताई
रंकाळा दादा, लिक्विडबद्दल सांगते. आयपीए मळ छान काढतं, मोबाईल रिपेअरवाल्यांकडं मिळतं, त्यात वाईट काही नाही. पण ते पोलर आहे, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १८ च्या आसपास. रॉकेल किंवा पेंटच्या दुकानातलं एमटीओ (टर्पेंटाइन म्हणून देतात ते) नॉन-पोलर, २ च्या आसपास. बऱ्याच मॉडेलवाल्यांचा अनुभव असा की नॉन-पोलरनं पुसलेल्या रुळावर ठिणग्या कमी उडतात आणि काळं उशिरा धरतं. म्हणून मी आधी आयपीएनं मळ काढते आणि शेवटचा हात एमटीओचा, अगदी चार थेंब, आणि लगेच कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं. रॉकेल तेलकट राहतं त्यामुळे ते मला कमी आवडतं. साधा डब्ल्यूडी ४० चा स्प्रे पण तेलाचा थर सोडतो, त्यांचाच कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो चालतो.

एक मात्र कळकळीनं सांगते, ही सगळी पेट घेणारी आहेत आणि तुमची खोली पत्र्याची. खिडकी उघडी ठेवा, कंट्रोलर बंद करा, रूळ पूर्ण कोरडे झाल्याशिवाय करंट देऊ नका. ट्रॅक्शन टायर (पकडीसाठीची रबरी रिंग) असलेल्या चाकांना एमटीओ लावायचं नाही, रबर फुगतं.

मिरज_लाइन
सगळे रुळाच्या मागं लागलेत, चाकांचं कोण बघणार? चाकं घाण असतील तर साफ रूळ दोन चकरांत परत काळा. टिश्यू पेपरवर आयपीए टाकून तो रुळावर आडवा पसरायचा, इंजिनाची एक बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच) त्याच्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हातानं धरून करंट द्यायचा, चाकं जागेवर फिरतात आणि टिश्यूवर दोन काळे पट्टे उमटतात. मग टिश्यू सरकवायचा, पट्टे उमटायचे बंद होईपर्यंत, मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. शंटरला बोग्या नाहीत, त्याला कंट्रोलरच्या दोन वायरी चाकांना लावून उलटं धरून कानकाडीनं पुसायचं. डब्यांची चाकं प्लास्टिकची असतील तर जमेल तशी मेटलची करा, प्लास्टिकची चाकं तो मळ गोळा करून सगळ्या लाइनवर पसरत जातात.

आणि एकदा रात्री लाइट बंद करून गाडी सावकाश चालवा. जिथं चाकाखाली निळी ठिणगी दिसेल तिथं कॉन्टॅक्ट कच्चा. असं बघितल्यावर सगळा ट्रॅक पुसत बसावं लागत नाही.

रंकाळा_शंटर
लई भारी माहिती मिळाली, मनापासून आभार. आत्ताच अंधारात बघितलं, मागच्या वळणावर थोड्या ठिणग्या, पण पॉइंटवर शंटर नुसतं गप्प होतंय, ठिणगी पण नाही. आणि लांबच्या टोकाला स्पीड पण कमी होतोय. हे पण मळामुळंच का?

उद्यमनगर_लेथवाला
नाही, ते मळाचं नाही. पॉइंटचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लास्टिकचा असंल तर तेवढ्या तुकड्यात करंटच नसतोय, मोठं इंजिन लांब असल्यामुळं पार होतंय, शंटरची चाकं जवळजवळ म्हणून अडकतंय. फ्रॉग मेटलचा असंल तर पॉइंटची हलणारी पाती जिथं बाहेरच्या रुळाला टेकतात ती आतली बाजू बघ, तिथं एक कण अडकला तरी करंट तुटतोय, आयपीए लावलेली कागदाची पट्टी मधी धरून ओढून काढ.

लांबच्या टोकाचं मल्टिमीटरनं बघ, पण गाडी चालू असताना बघ, नाहीतर व्होल्टेज पूर्णच दाखवंल. कंट्रोलरपाशी आणि तिकडं फरक आला तर जॉइनर (दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) ढिले झालेत, पावसाळ्यात तिथं ऑक्साइड धरतंय. मागच्या बाजूनं फीडर (कंट्रोलरकडनं थेट करंट आणणाऱ्या) वायरची एक जोडी रुळाला बाहेरून सोल्डर करून टाक.

लॅबवाली_ताई
ग्रॅफाइटचं राहिलं. चित्रकलेच्या दुकानात पूर्ण ग्रॅफाइटची कांडी मिळते, साधी पेन्सिल नको, तिच्यात माती मिसळलेली असते. सगळं साफ झाल्यावर रुळाच्या आतल्या कडेला एकच हलका हात. चढ असेल तिथं लावू नका, चाकं घसरतात.

मिरज_लाइन
आणि खोली बंद करताना लेआउटवर पातळ प्लास्टिक टाकत जा दादा. पाचट पेटवायच्या दिवसांत काळी राख कुठून कुठून आत येते.

रंकाळा_शंटर
फ्रॉग प्लास्टिकचाच निघाला. आधी चाकं, मग आयपीए आणि एमटीओ, रविवारी फीडर. फ्रॉग मेटलचा असलेला पॉइंट कोल्हापुरात कुणाकडं जादाचा असंल तर मेसेज करा, येऊन घेऊन जातो.