मामांना वाचता येत नाही, कुणाला न कळता कसं शिकवू?

पेठेतला_भाचा:
आमचे मामा जुने पैलवान, आता वस्ताद हायत, साठीच्या पुढं. जत्रेचं मैदान असलं की पाहुणे म्हणून बोलावणं येतंयच, फेटा, सत्कार, आणि मग कोणतरी हातात जोडींची यादी देऊन म्हणतंय वस्ताद तुम्हीच पुकारा. मामा खिसं चाचपत्यात, चष्मा घरात राहिला म्हणत्यात, यादी माझ्याकडं. खरं म्हणजे वाचताच येत नाही, सही तेवढी गिरवत्यात. आता स्वतःच शिकव म्हणाल्यात पण तालमीतल्या पोरांना कळायला नको. अंकलिपी आणली तर ती बघून उठूनच गेले. काय करू?

रंकाळा_काठ:
अंकलिपी ठेवा बाजूला, बदकं बघायचं वय हाय का त्यांचं. बिनकाना-मात्रेचे त्यांचेच शब्द घ्या. पट, बगल, लढत, कसरत, एवढ्यातच दहा अक्षरं झाली बघा. मग डावांची नावं, काना घेऊन ढाक, मग अनुस्वाराला कलाजंग. 'कुस्ती' मात्र मागं ठेवा, उकार, जोडाक्षर, वेलांटी सगळं एकदम. आणि मैदानाची पोस्टरं घरी न्या. फोटोवरनं पैलवान कोण ते त्यांना ठाऊकच असतंय, खालचं नाव बरोबर जुळवत्यात.

मास्तर_करवीर:
उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम हाय की, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही. शिकवणारे स्वयंसेवक, घरातलं माणूस पण चालतंय. शेवटी १५० मार्कांची परीक्षा, वाचन लेखन संख्याज्ञान ५०-५०, प्रत्येकात ३३ टक्के पायजेत. पण परीक्षा शाळेत असते, लोक बघणारच.

बर्फावरचा_कोल्हापुरी:
कॅनडातला आईस हॉकीचा कोच जॅक डेमर्स, १९९३ ला मॉन्ट्रियलला स्टॅन्ले कप जिंकून दिला आणि वाचता येत नाही हे २००५ मध्ये जगाला सांगितलं, तोवर कुणाकुणाकडनं वाचून घेऊन निभावलं. पुढं २००९ ला सिनेटर झाला. सांगितल्यावर इज्जत काय गेली नाही गड्याची.

गंगावेशकर:
पोरांस्नी आधीच ठाऊक असणार भावा, दरवेळी चष्मा कसा काय राहतोय घरात 😄 वस्तादांपुढं बोलायची टाप नाही एवढंच. तरी कधी सांगायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, तू तोंड उघडू नको.

पेठेतला_भाचा:
पोस्टरचं लई भारी, चार तर माझ्या गाडीच्या डिक्कीतच हायत. परीक्षेचं सध्या काढतच नाही, नाहीतर मलाच आखाड्यात घेतील.