बाबांना कमी ऐकू येतं, मशीन घालत नाहीत, आणि आता माझाच कान वाजतोय. सल्ला हवाय

खिडकीजवळ:
धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या. बाबा ७४ वर्षांचे आहेत, चार-पाच वर्षांपासून ऐकू कमी येतं. तपासणी झाली, वयामुळे आहे म्हणाले, दोन्ही कानांना मशीन घेतली. पंधरा दिवस घातली आणि आता ती रुमालात गुंडाळून कपाटात आहे. म्हणतात भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि माणसांचं बोलणं तरी कुठे कळतंय. "फोन कुठंय" विचारलं की "कोण कुठंय" म्हणतात, मग मी ओरडते, मग ते म्हणतात ओरडतेस कशाला, आणि त्यांचा चेहरा असा पडतो ना की मलाच रडू येतं. हल्ली घरात चार माणसं जमली की उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात.

त्यात परवा ऑफिसच्या कार्यक्रमात मी दोन-अडीच तास स्पीकरशेजारी उभी होते. घरी आल्यापासून दोन्ही कानांत कुईंऽऽ आवाज आणि दडे बसल्यासारखं. त्या रात्री बाबा दारातून काहीतरी बोलले, आवाज आला पण शब्दच लागेना, मी नुसतं "हो हो" म्हटलं. ते रोज हेच करतात. आज आवाज कमी झालाय पण आहे. हा कधी थांबेल? आणि बाबांना मशीनची सवय कशी लावू?

ध्वनिलहरी:
ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारा, मशीन बसवून देणारा) आहे म्हणून लिहितो. आधी तुमचं. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी थकतात, त्यामुळे दडा आणि शिट्टी, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ओसरतं. पण पेशी मेल्या तर परत येत नाहीत. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. आता इअरफोन बंद. रात्री अगदी शांत खोलीत झोपू नका, पंखा चालू ठेवा म्हणजे शिट्टीकडे लक्ष कमी जातं. दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर दाखवा. आणि कुणालाही एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे, सुरुवातीच्या दिवसांतल्या उपचाराचाच उपयोग जास्त होतो.

बाबांचं म्हणाल तर वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, च त्याच पट्टीतले. स्वर ऐकू येतात म्हणून त्यांना वाटतं ऐकू येतंय, पण शब्द तयार होत नाही. ओरडल्याने स्वरच मोठे होतात, आणि अशा कानाला हळू आवाज पोचत नाही पण मोठा एकदम टोचतो. भांड्यांची तक्रार खरी आहे, हट्ट नाही. मशीन परत ट्यून करून घ्या, एकदाच सेट करून भागत नाही.

दुपारचं_ऊन:
ताई, माझ्या सासूबाईंची दोन वर्षं अशीच गेली. आम्ही पहिल्याच दिवशी मशीन घालून सगळ्यांत बसवलं, तीच चूक झाली. नंतर रोज एक तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा, मग हळूहळू वेळ वाढवला. दीड-दोन महिने लागले. मागून बोलायचं नाही, आधी समोर येऊन हाक, मग बोलायचं, आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही कारण तोंडावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य परत नको, शब्द बदला. "फोन कुठंय" ऐवजी "मोबाईल कुठे ठेवलात". आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधीही म्हणू नका, सासूबाई एकदा म्हणाल्या की ते ऐकू येतं हो बरोबर 😔

सतरा_नंबर:
मशीनची जाळी बघा आधी, मळाने बंद झाली की आवाज चोंदतो. बटणासारखे सेल असतील तर स्टिकर काढून एखादं मिनिट थांबा आणि मग घाला, हवा लागल्याशिवाय तो नीट चालत नाही. टीव्हीसाठी वेगळा वायरलेस हेडफोन घेऊन टाका.

खिडकीजवळ:
अपडेट. माझी शिट्टी तिसऱ्या दिवशी थांबली. बाबांना घेऊन गेले, एका बाजूची जाळी पूर्ण बुजलेली होती!! कर्कश आवाज कमी करून दिले. आता सकाळी तासभर घालतात, पेपर वाचतात आणि मी समोर बसते. काल पान उलटलं, थांबले, परत उलटलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले "याचा आवाज येतो की गं". मला काही बोलताच येईना. टीव्हीचा आवाज ४० वरून २२ वर आलाय. फोनवर मात्र जमत नाही, कानाला लावला की मशीन किंचाळते. काय करू?

ध्वनिलहरी:
कानामागची मशीन आहे ना, तिचा माइक वर असतो. फोन कानाच्या भोकाशी नको, थोडा वर, मशीनच्या टोकाजवळ, आणि बोटभर अंतर ठेवून तिरका धरायला सांगा. चिकटवला की शिट्टी येणारच.

खिडकीजवळ:
आत्ताच करून बघितलं. आत्याशी बोलतायत.