नटबोल्ट साफ करायचा घरगुती टंबलर: आटे चेचले जातात, गंज मात्र तसाच

पाना१२

जुन्या मोटरसायकलींचे एम६ ते एम१० (६ ते १० मिमी आट्यांचे) नटबोल्ट, वॉशर, ब्रॅकेट साफ करायला टंबलर, म्हणजे आत वस्तू घासून साफ करणारा फिरता ड्रम, बांधतोय. ड्रम म्हणजे १६० मिमी पीव्हीसी पाइप, लांबी ३०० मिमी. एक टोक सॉल्व्हंट सिमेंटने कायमचं बंद, दुसऱ्याला रबरी गॅस्केटचं झाकण. खाली २० मिमी ब्राइट बारचे (गुळगुळीत पोलादी सळईचे) दोन रोलर, रबरी नळी चढवून व्यास २५. मोटर सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची, १४४० आरपीएम. पुली मोटरवर २ इंची, रोलरवर ६ इंची. ड्रम एक तृतीयांश बारीक खडीने भरलाय, वर पाणी.

खडखडाट फार होतो, आट्यांच्या कडा चेचल्या जातात, नटाच्या आतला गंज हलत नाही. ड्रम सरकत एका बाजूला जातो. मोटर अर्ध्या तासात हात लावू देत नाही. रोलर सध्या लाकडी बुशात आहेत, पी२०४ (बैठकीसह येणारं, २० मिमी दांड्याचं) बेअरिंग घालणार आहे. दोघांत अंतर किती ठेवू? आणि पाण्यात थोडं अ‍ॅसिड टाकलं तर चालेल का?

लेथमास्तर

आधी वेग. ४२.३ ला ड्रमच्या आतल्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागा. आतला व्यास ०.१५ धरला तर १०९ आरपीएम येतात. या वेगाला माल भिंतीला चिकटून फिरतो. तुमच्या पुलींनी रोलर ४८० ने फिरतो, म्हणजे ड्रम ७५ ने. या वेगात माल वर जाऊन उडी मारतो, म्हणून आटे चेचतात. साफसफाई होते ती माल उतारावरून घसरताना, एकमेकांवर घासून. त्यासाठी ४० ते ४५ आरपीएम हवेत. रोलरवर १० इंची पुली लावा, बरोबर ४५ मिळतील. दुसरा रोलर त्या बाजूला आखूड कापा, नाहीतर पुली त्याच्यावर घासेल.

वेग उतरल्यावर दुसरी अडचण येईल. साबणाच्या पाण्यात गुळगुळीत पीव्हीसीवरून सगळा माल एका गठ्ठ्याने घसरत राहतो, आत काहीच ढवळलं जात नाही. आतून लांबीभर तीन पट्ट्या बसवा, उंची १० मिमी, कडा गोल केलेल्या. त्याहून उंच नकोत, माल पुन्हा उचलून आपटेल.

खडी काढून टाका. ती फुटते, चिखल होतो आणि कण आट्यांत रुततात. १० मिमीचे त्रिकोणी सिरॅमिक मीडिया (घासायचे खडे) घ्या, ते एम१० च्या नटातही शिरत नाहीत. सहा मिमीचे घेतलेत तर एम८ च्या नटात अडकून बसतील, ठोकून काढावे लागतात. आट्यांच्या आत पोचायला १ मिमी जाड, ५ मिमी लांब स्टेनलेस पिना मिसळा. माल आणि मीडिया मिळून ड्रम निम्मा ते साठ टक्के भरा, मीडिया मालाच्या तिप्पट. एवढ्या भरावात धातूवर धातू आपटत नाही. पाणी मीडियाच्या वरच्या थरापर्यंतच, जास्त झालं की घासण कमी होते. भांडी घासायचं लिक्विड एक चमचा. फेस फार झाला तरी तोच तोटा.

फिटर_भोसरी

मास्तरांनी वेगाचं सांगितलंच आहे, बाकीचं मी सांगतो.

हा भार फिरवायला हिशोबाने १५-२० वॅट लागतात, त्यामुळे मोटर लहान पडतेय असं नाही. ती बनली आहे पंधरा मिनिटांच्या टायमरसाठी, आणि टंबलर आठ तास चालतो. नेमप्लेटवर एस१ (सतत चालणारी) लिहिलेली पाव एचपी मोटर किंवा ६० वॅटची गिअर मोटर घ्या. पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. बेल्टवर जाळी लावा.

ड्रम सरकतो याचा अर्थ रोलर समांतर नाहीत, किंवा नळीची जाडी दोन टोकांना वेगळी आहे. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत. तरीही थोडा सरकेल, म्हणून दोन्ही टोकांना ६०८ या छोट्या बेअरिंगचा एकेक अडसर लावा.

पी२०४ ची बैठक सुमारे १२७ मिमी लांब असते, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून केंद्रांतर १३० च्या खाली जाणार नाही. १३० वर ड्रमच्या केंद्राशी दोन रोलरांमध्ये जवळपास ९० अंशांचा कोन होतो, ते चालतं. जवळ हवे असतील तर उभ्या प्लेटवर यूसीएफएल२०४ (दोन बोल्टांनी प्लेटला लागणारं बेअरिंग) लावा.

अ‍ॅसिड बंद ड्रममध्ये अजिबात नको. लोखंडाशी हायड्रोजन सुटतो, झाकण उडतं. उघड्या प्लास्टिक बादलीत लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला, दोन-तीन तास ठेवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून टंबलरला घाला. १०.९ आणि १२.९ शिक्क्याचे (जास्त ताकदीचे) बोल्ट अ‍ॅसिडला लावू नका, हायड्रोजनने ठिसूळ होऊन ताणाखाली तुटतात. झिंक प्लेटिंगचेही वेगळे काढा. अ‍ॅल्युमिनियम स्वतंत्र घाण्यात, आणि त्याच्याबरोबर सोडा नको, त्यानेही हायड्रोजन सुटतो.

पाना१२

धन्यवाद दोघांना. बाहेर काढल्यावर पुन्हा तांबूस होतात, त्याचं काय?

लेथमास्तर

ओले ठेवले की होणारच. उकळत्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून मिनिटभर बुडवा; गरम झालेले भाग स्वतःच वाळतात. नंतर कोरड्या लाकडी भुशात घोळवा आणि गरम असतानाच पातळ तेलाचा हात फिरवा. टंबलरमधलं पाणी दर दोन तासांनी बघा. दाट राखाडी झालं की बदला, नाहीतर तोच मळ आट्यांत बसतो.